मोठ्या फादरची खुर्ची

चर्चमधल्या त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, हे मला कामावर लागले त्याच दिवशी सांगितलं गेलं. चूल कुठं, तांदूळ कुठं, मुली किती, हे सगळं त्यानंतर.

खुर्ची सागाची होती. जव्हारच्या सुताराकडून करून घेतलेली. पाठ उंच, हात गोल, त्यावर पांढरं कापड. बिशप, म्हणजे या लोकांचे मोठे फादर, वसईकडून तीन-चार वर्षांतून एकदा यायचे, तासभर तिच्यावर बसायचे आणि जेवून जायचे. बाकीचे दिवस ती रिकामी. मी रोज कापड झटकायचे. एकदा विचारलं, बसायला माणूस नाही तर खुर्ची कशाला अडवून ठेवली? इथले आमचे फादर म्हणाले, बिशपची खुर्ची जिथं असते तेच मुख्य देऊळ, त्या देवळाला नावच खुर्चीवरून पडलं आहे. खरी खुर्ची वसईला आहे. ही तिची सावली.

मी म्हटलं, सावलीवर धूळ फार बसते.

आमच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांनी त्या खुर्चीचा आपल्या परीनं अर्थ लावला. कुणी बसत नाही, रोज झाडतात, वर पांढरं कापड आहे, त्या अर्थी तिथं कोणीतरी असणारच. बोर्डिंगात नातीला भेटायला आल्या की जाताना खुर्चीच्या पायाशी मूठभर नागली ठेवायच्या. एकीनं कुंकू लावलं. मी फडकं घेऊन गेले तर फादरांनी अडवलं. म्हणाले, "राहू दे बाई. रिकाम्या खुर्चीला मान द्यायचा हे आमच्या लोकांना शिकवायला शेकडो वर्षं गेली. यांना न शिकवता कळलं." चार दिवसांनी मी पुसलंच. मुंग्या झाल्या होत्या.

फादरांना जाऊन आता दोन वर्षं होतील. खोडाळ्याच्या बाजारात अजून कोणी भेटलं की म्हणतं, देवमाणूस होता. मी मान हलवत नाही. बावीस मुलींचं बोर्डिंग त्या माणसानं आठ दिवसांत बंद केलं आणि त्यातली एक मेली. वाईट होते असंही मी म्हणणार नाही. अठरा वर्षं मी त्यांच्या चुलीवर रांधलं. कसे होते तेवढं सांगते.

उंच आणि वाळलेले. वसईकडचे, घरची केळीची बाग असलेले, पण इकडं येऊन नागलीची भाकरी आणि सुकट खायला शिकले. पांढऱ्या झग्याच्या खिशात नेहमी लसणाची एक पाकळी असायची, का ते मी विचारलं नाही. चप्पल उजवी लवकर झिजायची, म्हणून उजव्या दोन विकत मिळतात का असं बाजारात विचारायचे. सगळा बाजार हसायचा. बाजारात असंही बोलायचे की फादर पोरींना बाटवायला आलाय. अठरा वर्षांत माझ्यासमोर त्यांनी एकीलाही बाटवलं नाही. मी स्वतःच एकदा म्हटलं होतं, घ्या मला तुमच्यात, सणाला नवं लुगडं तरी मिळेल. तर म्हणाले, "तू नको. तू फार प्रश्न विचारतेस."

जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासायचे आणि घासता घासता नावं म्हणायचे. कुठल्या कुठल्या परक्या देशांतल्या बिशपांची नावं, एकाखाली एक. येशूनं आपल्या माणसांना पाठवलं, त्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर हात ठेवला, त्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या, असे हात थेट आताच्या बिशपपर्यंत आले, मध्ये एकही तुटलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. ताट स्वच्छ झालं तरी नावं संपायची नाहीत, मग ते माझी कढई ओढून घ्यायचे. मला बरंच होतं.

मी म्हटलं, आमच्या भगताचंही तसंच आहे. त्याच्या गुरूनं त्याला मंत्र दिला, गुरूला त्याच्या गुरूनं. पण आमच्या पाड्यावरचा मागचा भगत दारूत पडून मेला, मंत्र कोणालाच दिला नाही. आता जो आहे तो मनानंच करतो.

"आणि गुण येतो?"

"कधी येतो, कधी नाही. आधीच्याचंही तेच होतं."

त्या दिवशी त्यांनी कढई मलाच घासायला ठेवली.

स्वयंपाकघरात बसून ते जुन्या काळच्या गोष्टी सांगायचे. मुली चुलीभोवती बसून शेंगा सोलायच्या आणि ऐकायच्या. सुरुवातीला म्हणे बिशप लोकच निवडायचे, देवळात जमून ओरडून. आम्हाला ते लगेच कळलं, सरपंचासारखं. मग मारामाऱ्या व्हायला लागल्या, माणसं मेली, तेही कळलं. मग राजे म्हणायला लागले, बिशप आम्ही नेमू. मग बिशपांनाच जमिनी मिळाल्या, घोडे मिळाले, काही तर तलवार घेऊन लढाईला गेले. आणि एक असा होता की राजानं निरपराध माणसं मारली म्हणून त्यानं राजाला देवळाच्या दाराबाहेर उभं केलं. राजा रडला, तेव्हा आत घेतलं. ही गोष्ट सांगताना फादर उठून उभे राहायचे. हात आडवा धरायचे, राजा आत घुसतोय असा.

मी विचारलं, "राजा चुकला तर बिशपनं बाहेर काढलं. बिशप चुकला तर त्याला कोण काढतो?"

"रोमला पोप आहेत."

"ते चुकले तर?"

"देव."

"म्हणजे कुणी नाही."

मुली हसल्या. फादरही हसले, पण शेंगांची टोपली घेऊन बाहेर गेले.

त्यांना एका गोष्टीची भीती होती, ती दोन धन्यांची. त्यांच्या पणजोबांच्या वेळी वसईकडं दोन पक्ष पडले होते. पोर्तुगालचा राजा म्हणायचा इथले बिशप मी नेमणार, पोप म्हणायचा मी. एका गावात दोन पक्षांचे दोन फादर. भाऊ भावाच्या लग्नाला जाईना. पणजोबांचा थोरला भाऊ मेला तेव्हा तो चुकीच्या पक्षाचा निघाला, त्याला गावच्या दफनभूमीत जागा दिली नाही. बागेत केळीखाली पुरला. पुढं त्याच जागेवर नव्या केळी लावल्या आणि त्यांची फळं घरच्यांनी खाल्ली. फादर लहान असताना आजीनं ती जागा दाखवली होती. "दोन धनी झाले की मेलेल्यालाही जागा मिळत नाही," असं ते म्हणायचे. हे सांगताना मात्र उभे राहायचे नाहीत.

म्हणून त्यांचा धनी एकच. फादर होताना बिशपसमोर गुडघे टेकून आपले जोडलेले हात त्याच्या हातांत द्यायचे असतात. बिशप विचारतो, माझी आणि माझ्यामागून येणाऱ्यांची आज्ञा पाळशील? म्हणायचं, पाळीन. हे मला समजावून देताना त्यांनी मलाच हात पुढं करायला लावले. माझे हात नागलीच्या पिठानं भरलेले. त्यांत त्यांनी आपले दोन्ही हात ठेवले, सुकलेल्या पानांसारखे हलके. म्हणाले, "असे दिले. ते परत घ्यायचे नसतात." मग कधीही काही अडलं, कोणी म्हटलं असं का करता, की ते पंजे जोडून दाखवायचे. हात दिलेत मी.

बिशपशी फोनवर बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. मोबाइल होता त्यांच्याकडं, टेकाडावर गेलं की रेंजही यायची. पण बिशपशी कागदावर बोलायचं असतं. रविवारी दुपारी पत्र लिहायचे, मोठ्यानं म्हणत म्हणत, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात एकच, आपल्या आज्ञेप्रमाणे. आपल्या आज्ञेप्रमाणे छपराची कौलं बदलली. आपल्या आज्ञेप्रमाणे मुलींच्या परीक्षा पार पडल्या. एकदा मी ऐकलं, आपल्या आज्ञेप्रमाणे यंदा पाऊस बरा झाला. मी म्हटलं, पाऊस पण त्यांनीच पाडला का? ते म्हणाले, लिहायची रीत आहे.

बोर्डिंग कशासाठी होतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही, म्हणून सांगते. दिवाळी झाली, भात झोडून झालं की इकडचे पाडे रिकामे होतात. ज्यांना जमीन नाही ते आणि ज्यांना आहे पण पुरत नाही तेही, भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात, थेट पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरं बरोबर जातात. शाळा तिथंच सुटते. ज्या पोरीला मागं सांभाळणारं धड कोणी नाही ती आमच्या बोर्डिंगात राहायची, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जायची, आमच्याकडं दोन वेळ जेवायची. बोर्डिंगचं काम तेवढंच. दिवाळी ते पाऊस पोरगी भट्टीवर जाऊ द्यायची नाही.

सुकरी तशीच आलेली. तिच्या आईला मीच समजावलं होतं. आईचा धीर होत नव्हता, एकुलती पोर. मी म्हटलं होतं, मी आहे तिथं. पोर आली तेव्हा दुसरीत होती, गेली तेव्हा सातवीत. नाक सतत वाहायचं. नकला चांगल्या करायची. फादरांची उजवी चप्पल घासत चालायची चाल तिनं अशी उचलली होती की भिंतीआडून आवाज आला तर कोण येतंय ते कळायचं नाही.

एका रविवारी मी चर्च झाडायला गेले तर ही बया मोठ्या फादरच्या खुर्चीत. डोक्यावर पोळ्यांचं फडकं टोपीसारखं, हातात माझा झाडू. समोर पंधरा-वीस मुली गुडघ्यांवर. सुकरी जड आवाजात सांगत होती, "आजपासून दर रविवारी सगळ्यांना अंडी. मोठ्या पोरींना दोन."

मी ओरडणार तेवढ्यात दारात फादर दिसले. सुकरीला उतरायलाही सुचेना, झाडू तसाच हातात. फादर पुढं आले, खुर्चीसमोर थांबले, मान वाकवली आणि मला म्हणाले, "बाई, आज्ञा झाली आहे. खुर्चीतून झाली आहे."

पुढच्या रविवारी खरंच अंडी आली. त्यानंतर दर रविवारी. मोठ्या मुलींना दोन. मी म्हटलं, उद्या ती चढून बसेल आणि म्हणेल शाळाच नको. ते म्हणाले, तेव्हा बघू. आणि त्या दिवसापासून तिला बिशपस्वामी म्हणायला लागले. बिशपस्वामी, नाक पुसा. बिशपस्वामी, गणित झालं का?

हे मी हसण्यासाठी सांगत नाही.

ज्या वर्षी बोर्डिंग बंद झालं त्या वर्षीचं सांगते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. ट्रक येऊन माणसं उचलत होते. वसईहून पत्र आलं. फादरांनी ते स्वयंपाकघरातच उभ्यानं वाचलं, घडी करून पाकिटात घातलं आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलं. जेवले नाहीत. ताट कोरडंच घासलं. नावं म्हटली नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "बिशपांची आज्ञा आली आहे. बोर्डिंग बंद करायचं आहे."

मला आधी वाटलं, जूनपासून. ते म्हणाले, आठ दिवसांत. आज्ञा आली की रेंगाळायचं नसतं.

मी म्हटलं, "परीक्षा तरी होऊ द्या. आता मधूनच पोरी कुठं जातील? एकदा विचारून तर बघा त्यांना."

त्यांनी पंजे जोडून दाखवले.

मी म्हटलं, "ते हात तुमचे. पोरींनी नाही दिले कुणाला."

तेव्हा पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, केळीखालच्या त्या माणसाचं काहीतरी होतं. मग खाली बसले आणि हळू म्हणाले की त्यांनाही हे पटलेलं नाही. पटलेलं करायला आज्ञा लागत नाही. न पटलेलं करायचं, तेव्हाच खरी आज्ञा पाळली असं होतं.

मला ते बोलणं त्या वेळी मोठं वाटलं. कबूल करते.

आश्रमशाळेत ते स्वतः जाऊन आले. तिथं वर्षाच्या मध्ये जागा नव्हती, दोघींना घेतलं, बाकीच्यांना जूनमध्ये आणा म्हणाले. सातजणींच्या घरी थकलेल्या का होईना, आज्या होत्या, त्यांच्याकडं त्या गेल्या. उरलेल्यांचे आईबाप निघायच्या तयारीत होते, काही निघूनही गेले होते. त्यांना निरोप धाडले. एकेक करून माणसं आली आणि पोरी घेऊन गेली. कुणी भांडलं नाही. आमच्यात असंच आहे. वरून काही आलं की माणसं पोरांना उचलून चालायला लागतात.

सुकरीची आई आली तेव्हा जीप रस्त्यावर उभी होती, त्यांची गठुडी टपावर. आमच्याकडं सगळ्यांना तूच म्हणतात, देवालाही तू, फादरलाही तू; मी तुम्ही म्हणायला बोर्डिंगच्या कामावर शिकले. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तू सांगलं व्हतास दहावीपर्यंत ठेवशील."

फादर म्हणाले, "मी सांगितलं होतं. आता माझ्या वरच्यांनी वेगळं सांगितलं."

सुकरी सापडेना. मी शोधत चर्चमध्ये गेले तर खुर्चीत बसलेली. फडकं नाही, झाडू नाही, नक्कल नाही. पाय जमिनीला टेकत होते, तेवढी वाढली होती. माझ्यामागून फादर आले, त्यांच्या मागून आई. सुकरी फादरांकडं बघून म्हणाली, "बोर्डिंग बंद नाही करायचं."

मला वाटलं, आता हा माणूस मान वाकवतो. खरंच वाटलं.

ते म्हणाले, "ऊठ."

ती उठली नाही. मग मीच तिचा दंड धरून तिला उतरवलं. जीप हॉर्न देत होती. सगळ्या गेल्यावर फादरांनी माझ्या हातात कुलूप दिलं. मी बोर्डिंगला कुलूप लावलं आणि किल्ली परत केली.

तिला माझ्या घरी ठेवता आलं असतं. खोपीत मी, सून आणि सुनेची तीन पोरं. आणखी एक खाणारं तोंड झालं असतं. मनात आलं होतं. बोलले नाही.

होळीच्या आधी निरोप आला. भट्टीवर सुकरी दुपारच्या वेळी ट्रॉलीच्या सावलीत झोपली होती. ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं नाही आणि ट्रॅक्टर मागं घेतला. तिथंच जाळली. आई तिचं फक्त शाळेचं दप्तर घेऊन आली. ते पोरीनं भट्टीवर बरोबर नेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

फादरांना मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठली सुकरी? बावीस मुलींत सुकरी एकच होती. मी म्हटलं, तुमचे बिशपस्वामी. ते चर्चमध्ये गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. मी चहा ठेवून आले, तो तसाच राहिला.

उन्हाळ्यात बिशप आले. इथं चार ख्रिस्ती घरं आहेत, त्यांच्या मोठ्या झालेल्या पोरांच्या कपाळाला तेल लावायचा विधी असतो, तो बिशपच करतात. स्वभावानं साधा माणूस. माझ्या सुनेची तब्येत विचारली, गेल्या खेपेला ती आजारी होती ते लक्षात ठेवून. विधी झाला, खुर्चीत बसून झालं, मग आवारात फिरायला निघाले. मी आणि फादर मागं. बोर्डिंगच्या दाराशी थांबले, कुलपाला हात लावला आणि म्हणाले, "फार लवकर बंद केलंत, फादर. निदान वर्ष पुरं होऊ द्यायचं."

फादर म्हणाले, "आपल्या आज्ञेप्रमाणे."

"माझी आज्ञा कुठली? मी तर तुम्हाला विचारलं होतं. चालवणं जमेल की बंद करावं, तुमचं मत कळवा, असं लिहिलं होतं."



बिशप पुढं म्हणाले, "तुमचं उत्तर आलं, आज्ञेप्रमाणे बंद केलं. आज्ञेप्रमाणे तर तुम्ही प्रत्येक पत्रात लिहिता. मला वाटलं, वय झालं, तुम्हालाच झेपत नाही आता, तोंडानं सांगवत नाही, म्हणून बंद केलंत. मी म्हटलं, त्यांची इच्छा आहे तर कशाला आड यावं." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "मुली बऱ्या आहेत ना सगळ्या?"

मी फादरांकडं बघितलं. त्यांचे हात जोडलेले होते, सवयीनं. ते त्या हातांकडंच बघत होते. मग मीच सांगितलं, एक मेली. कशी मेली तेही सांगितलं.

बिशपांनी आपली टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी कोंबडी केली होती, ती सुनेच्या पोरांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी फादर सुकरीच्या पाड्यावर गेले. साखरशेतच्या बाजूला चढ मोठा आहे, मी बरोबर गेले, ते पडतील म्हणून. आई नागलीच्या रोपासाठी राब भाजत होती, पालापाचोळा पसरून जमीन जाळत होती, अंगावर राख. फादर उन्हात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, वरच्यांनी सांगितलं नव्हतं, मीच बंद केलं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "पोर तं गेली. कोनी सांगलं व्हतं ते घेऊन मी आता काय करू?" मग म्हणाली, "पानी पी, बाबा. लांबून आलास."

तिनं तांब्या दिला. तिनं दिला म्हणून ते प्यायले. उतरताना वाटेत सगळं ओकले.

त्यानंतर ताट घासताना नावं बंद झाली. कढई पुन्हा माझ्याकडं आली. वसईहून पत्र आलं की ते मला वाचायला लावायचे. डोळे चांगले होते त्यांचे, तरी मला. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते. दोनदा वाचायला लावायचे आणि मग विचारायचे, "आज्ञा आहे की विचारलंय?" विजेच्या बिलाचं पत्र असलं तरी हेच.

शेवटचं पत्र बिशपांचं होतं. वसईला म्हाताऱ्या फादरांसाठी घर आहे, तिथं यायचं की इथंच राहायचं, आपली इच्छा असेल तसं कळवावं. मी दोनदा वाचलं.

"आज्ञा आहे की विचारलंय?"

"विचारलंय."

"नीट बघ."

"नीटच बघितलंय. इच्छा विचारली आहे तुमची."

त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं. आपल्या, असं लिहिलं आणि थांबले. रोज दुपारी ते पत्र घेऊन बसायचे. मी म्हणायचे, लिहा ना, इथंच राहायचंय. ते म्हणायचे, तू सांगितलंस म्हणून लिहू का? मी म्हणायचे, मग जायचंय असं लिहा. तेही लिहिता येईना. असे तीन आठवडे गेले. एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले तर ते खुर्चीतच मरून पडले होते. मोठ्या फादरच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या, वेताच्या. कागदावर एकच शब्द होता.

पुरायचं कुठं, हे वसईहून ठरलं. तिथल्या दफनभूमीत नीट जागा मिळाली. जाताना शववाहिकेत मला बसवलं नाही, जागा नव्हती.

नंतर नवे फादर आले. तरुण आहेत, बिशपांशी मोबाइलवर बोलतात. जूनपासून बोर्डिंग पुन्हा सुरू झालंय, यंदा चौदा मुली आहेत. रविवारी अंडी देतात, कुणी सुरू केली ते त्यांना माहीत नाही. खुर्ची आहे तिथंच आहे. सुकरीची आई एकदा येऊन गेली, खुर्चीच्या पायाशी नागली ठेवून. ती मी झाडली नाही, मुंग्यांनीच नेली.

जुन्या फादरांची खोली आवरताना त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात बोर्डिंगचं ते पत्र सापडलं. नवे फादर म्हणाले, ठेवा तुम्हाला हवं तर. मी बोट ठेवून वाचलं. सात ओळी आहेत. छापलेलं मोठं अक्षर, एकही शब्द अडला नाही. शेवटची ओळ, याबाबत आपले मत कळवावे.

ते आलं तेव्हा तीन दिवस माझ्या साखरेच्या डब्याखाली पडून होतं, पाकीट उघडं. ओटा पुसताना मी ते दोनदा उचललं आणि दोनदा होतं तसंच ठेवलं. मोठ्या माणसाचा कागद, आपण कशाला वाचा, असं मनात आलं.

मला तेव्हाही वाचता येत होतं.